लाल मातीवरील टेनिस आणि ऑनलाइन सट्टा : स्वरूप व कार्यपद्धती

प्रस्तावना

'लाल माती' हे शब्द कानी पडताच मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर कुस्तीचा आखाडा उभा राहतो. टेनिसच्या जगात मात्र या शब्दांचा अर्थ वेगळा आहे. पॅरिस येथील रोलाँ गॅरोस या स्पर्धेची मैदाने ज्या तांबड्या पृष्ठभागाची असतात, ती वस्तुतः मातीच नव्हे. चुनखडीच्या थरावर विटांच्या भुग्याचा एक-दोन मिलिमीटर जाडीचा पातळ लेप पसरून ती तयार केली जातात. विदर्भातील जुन्या क्लबांमध्ये मुरमाच्या मैदानावर खेळलेल्या प्राध्यापकांना या पृष्ठभागाची थोडीफार कल्पना असेल.

या विषयाकडे प्रस्तुत लेखक वळला तो वर्गातील एका प्रश्नामुळे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना संभाव्यतेचे प्रकरण शिकवीत असताना काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, नदाल मातीवर हरतच नाही. मग त्याच्यावर पैसे लावणारा कसा हरेल?" प्रश्न विनोदाने विचारलेला नव्हता. त्याच्या मोबाइलवर त्या सामन्याचे भाव होते आणि त्याच्या बाकावरील आणखी दोघांना ते वाचता येत होते.

गोंदियासारख्या भातगिरण्यांच्या जिल्ह्यात टेनिसवरील सट्टा हा विषय परका वाटण्याची शक्यता आहे. तथापि गोंदियाहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील भिलाई येथून ज्याची पाळेमुळे पसरली, त्या 'महादेव' ॲपविषयी सक्तवसुली संचालनालयाने २०२३ मध्ये दिलेल्या माहितीत क्रिकेट, बॅडमिंटन व फुटबॉलच्या जोडीने टेनिसचाही स्पष्ट उल्लेख आहे. सट्टा चालविणाऱ्यास खेळाशी देणेघेणे नसते. वर्षभर, दिवसाचे बहुतेक तास कोठे ना कोठे काहीतरी चालू असावे, एवढीच त्याची गरज असते आणि टेनिस ती गरज क्रिकेटपेक्षाही चांगली भागविते.

भरवशाचा आकडा

पैज लावणाऱ्याची पहिली अट अशी असते की, निकाल पैज घेणाऱ्याच्या हातात नसावा. या अटीच्या पूर्ततेसाठी मुंबई इलाख्यातील सट्ट्याने वेळोवेळी दूरदूरच्या गोष्टींचा आधार घेतल्याचे दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत पावसावर पैजा लागत. पाऊस कोणाच्या सांगण्यावरून पडत नाही, हेच त्या पैजेचे तारण होते. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ मध्ये झाला, तेव्हा पावसावरील पैजा त्याच्या कक्षेत बसेनात. म्हणून १८९० मध्ये दुरुस्ती करून त्यांचा समावेश करावा लागला.

पुढे विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते व बंद होणारे भाव तारायंत्राद्वारे मुंबईस येत आणि त्यांच्या आकड्यांवर पैसे लागत. गिरणगावातील खायवालाला न्यूयॉर्कचा भाव बदलता येत नाही, हा या व्यवहारातील विश्वासाचा पाया होता. १९६० च्या दशकाच्या आरंभी तो मार्ग बंद पडला, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची पद्धत आली आणि 'मटका' हा शब्द रूढ झाला. आकडा दूरच्या बाजारातून येण्याऐवजी आता जवळच्या मडक्यातून येऊ लागला, तरी लावणारे लावीतच राहिले. सवय एकदा जडली की तारणाची चौकशी कोणी करीत नाही, एवढे यावरून म्हणता येईल.

लाल मातीवरील परदेशी टेनिस स्पर्धा ही या परंपरेतील आजची दूरची गोष्ट आहे. पॅरिस, रोम किंवा माद्रिदच्या सामन्यात गोंदियाचा बुकी ढवळाढवळ करू शकत नाही, असे लावणाऱ्यास वाटते. हे वाटणे कितपत खरे आहे, हे तपासण्यासाठी तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात : भाव, निकाल आणि ज्या व्यासपीठावर पैसे लावले जातात ते व्यासपीठ.

मातीचा गुणधर्म

मातीवर चेंडूचा वेग मंदावतो व उसळी वाढते. त्यामुळे वेगवान सर्व्हिसचा लाभ हिरवळीच्या तुलनेने कमी होतो, फेऱ्या लांबतात आणि सर्व्हिस भेदली जाण्याचे प्रमाण वाढते. आघाडी घेतलेला खेळाडू ती टिकवीलच असे नाही. सट्ट्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, सामना चालू असताना भाव सतत वरखाली होत राहतो.

टेनिसच्या गुणपद्धतीत आणखी एक वैशिष्ट्य आहे. सर्व्हिस करणारा खेळाडू प्रत्येक गुण जिंकण्याची संभाव्यता ५५ टक्के असेल, तर तो गेम जिंकण्याची संभाव्यता सुमारे ६२ टक्के येते. तीच गुणाची संभाव्यता ६० टक्के झाली की गेमची सुमारे ७४ टक्के, आणि ६५ टक्के झाली की सुमारे ८३ टक्के होते. म्हणजे गुणांमधील दहा टक्क्यांचा फरक गेममध्ये वीस टक्क्यांहून अधिक होतो. सेट व सामना या पुढच्या पायऱ्यांवर तो आणखी फुगतो. (द्विपद विस्तार शिकविताना हे उदाहरण वर्गात करून पाहण्याजोगे आहे, ड्यूसनंतरच्या अनंत श्रेणीची बेरीजही त्यात आपोआप येते.) या गणिताची दुसरी बाजू अशी की, एखाद्या खेळाडूने मोजक्या गुणांवर हात आखडता घेतला, तरी गेम निसटतो आणि पाहणाऱ्यास त्यात काही वावगे दिसत नाही.

भाव म्हणजे काय?

विदर्भात सट्ट्याच्या व्यवहारास 'लगवाडी' व 'खायवाडी' असे शब्द आहेत. समजा, एका सामन्यात वरचढ खेळाडूचा भाव ८०-८२ असा निघाला. त्याच्यावर १०० रुपये लावणारा तो जिंकल्यास ८० रुपये मिळवील. त्याच्या विरुद्ध जाणारा, तो हरल्यास १०० रुपये मिळवील. पण जिंकल्यास ८२ रुपये देईल. दोन्ही बाजूंची अशी एकेक पैज खायवालाकडे आली, तर वरचढ खेळाडू जिंकल्यावर त्यास ८२ मिळतात व ८० द्यावे लागतात. हरल्यावर १०० मिळतात व १०० द्यावे लागतात. पहिल्या स्थितीत दोन रुपये सुटतात, दुसऱ्या स्थितीत काही जात नाही. कोण जिंकेल याचा विचार करण्याचे खायवालास कारणच उरत नाही. दोन्ही बाजूंस सारखे लोक येतील असा भाव काढणे, हेच त्याचे काम.

संकेतस्थळांवर हाच भाव दशांशात दाखविला जातो. दोन तुल्यबळ खेळाडू असल्यास न्याय्य भाव प्रत्येकी २.०० हवा, म्हणजे १०० रुपये लावून जिंकल्यास मुद्दलासह २०० रुपये परत मिळावेत. प्रत्यक्षात तो १.९० दिला, असे धरू. १ भागिले १.९० म्हणजे ०.५२६३. दोन्ही बाजूंची बेरीज १.०५२६ येते. संभाव्यतांची बेरीज एकच असू शकते, वरचे ०.०५२६ हे दुकानदाराचे. लावणाऱ्याच्या बाजूने पाहिल्यास प्रत्येक रुपयामागे सरासरी पाच पैसे जातात. पाच पैसे ही क्षुल्लक रक्कम वाटते, परंतु मिळालेले पैसे पुन्हा लावण्याची प्रवृत्ती असते. १,००० रुपये याप्रमाणे चौदा वेळा फिरविले, तर त्यांचे अपेक्षित मूल्य ५०० रुपयांच्या खाली येते. मातीवरील पाच सेटच्या सामन्यात तीनशेच्या आसपास गुण खेळले जाऊ शकतात आणि पुढचा गुण कोणाचा, यावरही पैसे घेतले जातात. चौदा वेळा फिरविण्यास अर्धा तासही लागत नाही.

आता वर्गातील त्या प्रश्नाकडे येऊ. राफेल नदाल रोलाँ गॅरोस येथे २००५ ते २०२४ या काळात ११६ सामने खेळला. त्यांपैकी ११२ जिंकला व चौदा वेळा विजेता ठरला. पराभव चारच : २००९ मध्ये रॉबिन सॉडरलिंगकडून, २०१५ व २०२१ मध्ये नोव्हाक जोकोविचकडून आणि २०२४ मध्ये अलेक्झांडर झ्वेरेवकडून. समजा, प्रत्येक सामन्यात त्याच्यावर १.०२ या भावाने १,००० रुपये लावले. ११२ विजयांचे प्रत्येकी २० रुपये याप्रमाणे २,२४० रुपये मिळाले; चार पराभवांत ४,००० रुपये गेले. ११६ पैकी ११२ वेळा अचूक भाकीत करूनही १,७६० रुपयांचा तोटा झाला. भाव १.०५ असता, तर तेवढ्याच भाकितांवर १,६०० रुपये नफा दिसला असता. येथे भाव उदाहरणादाखल घेतले आहेत. सांगावयाचे ते एवढेच की, नदाल मातीवर श्रेष्ठ आहे हे ज्ञान खरे असले तरी ते सर्वांनाच असते, म्हणून ते आधीच भावात उतरलेले असते. लावणारा सामन्याविषयी बरोबर असतो आणि किमतीविषयी चूक. हे फळ्यावर मांडल्यावर त्या विद्यार्थ्याने आकडेमोड दोनदा तपासली. त्याचा पुढचा प्रश्न असा होता की, मग सॉडरलिंगवर लावायचे का? दोन्ही बाजूंच्या भावांत दुकानदाराचा हिस्सा असतो, हे त्यास पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागले.

निकाल हाताबाहेरचा असतो काय?

लाल मातीवरील सट्ट्याच्या इतिहासात पोलंडमधील सोपोट येथील सामना वारंवार उल्लेखिला जातो. ऑगस्ट २००७ मध्ये तेथील स्पर्धेत जगात चौथ्या क्रमांकावर असलेला रशियाचा निकोलाय दाविदेन्को आणि ८७ व्या क्रमांकावरील अर्जेंटिनाचा मार्टिन व्हसायो आर्ग्वेयो यांची गाठ पडली. दाविदेन्को हा तेथील आदल्या वर्षीचा विजेता. त्याने पहिला सेट ६-२ असा जिंकला. एरवी अशा वेळी त्याचा भाव आणखी पडावयास हवा. प्रत्यक्षात पैशांचा ओघ प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने वाहत राहिला. दुसरा सेट दाविदेन्कोने ३-६ असा गमावला आणि तिसऱ्यात १-२ असा मागे असताना पायाच्या दुखापतीमुळे सामना सोडला. बेटफेअर या ब्रिटिश कंपनीने या सामन्यावरील सुमारे ७० लाख डॉलरच्या सर्व पैजा रद्द केल्या. व्यावसायिक टेनिस संघटनेने वर्षभर चौकशी केली आणि सप्टेंबर २००८ मध्ये दोन्ही खेळाडूंना निर्दोष ठरविले. हा निष्कर्ष मान्य करूनच पुढे जावयाचे. मात्र या प्रकरणातील मुख्य गोष्ट खेळाडूंच्या दोषादोषाहून वेगळी आहे. एखाद्या खेळाडूचा पाय दुखतो आहे, एवढी माहिती जरी काही थोड्या लोकांना आधी असली, तरी इतर सर्वांचा भाव खोटा ठरतो. ही माहिती गोंदियातील लावणाऱ्याकडे सर्वांत शेवटी येणार, हे सांगावयास नको. त्याच्या पडद्यावरील चित्रच मुळी काही सेकंद उशिराचे असते.

या प्रकरणानंतर २००८ मध्ये टेनिसच्या सचोटीसाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. २०२१ पासून त्याचे काम आंतरराष्ट्रीय टेनिस सचोटी संस्था पाहते. ब्रिटिश विधिज्ञ ॲडम लुईस यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने २०१८ मध्ये जो अहवाल दिला, तो अधिक मुळाशी जाणारा आहे. नाममात्र व्यावसायिक म्हणविणारे खेळाडू सुमारे १५,००० असून त्यांपैकी प्रशिक्षकाचा खर्च न धरताही खर्चाची तोंडमिळवणी होईल एवढे कमावणारे २५० ते ३५० च असावेत, असे समितीस आढळले. पाहणीत सहभागी झालेल्या तीन हजारांहून अधिक खेळाडूंपैकी १४.५ टक्के खेळाडूंनी सामनानिश्चितीची प्रत्यक्ष माहिती असल्याचे सांगितले. उंचावरच्या चार भव्य स्पर्धांपेक्षा तळाच्या १५,००० डॉलरच्या स्पर्धांत हा रोग अधिक पसरला होता. अशा स्पर्धा तुर्कस्तानातील अंताल्यासारख्या ठिकाणी मातीवर आठवड्यामागून आठवडे चालतात. प्रेक्षक नसतात आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्यास दीडशे डॉलरच्या आसपास रक्कम मिळते. एक सेट सोडण्याबद्दल त्याहून कितीतरी अधिक देणारा कोणी भेटला, तर काय होते, याची कल्पना करण्यास समितीची गरज नाही.

या तळच्या सामन्यांवर जगभर सट्टा लागू शकला, तो एका करारामुळे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ मध्ये क्षणोक्षणीचे गुण पुरविण्याचा हक्क सुमारे ७ कोटी डॉलरला एका खासगी माहिती कंपनीस विकला. पंच आपल्या यंत्रावर गुण नोंदवितो आणि तो तत्क्षणी भाव काढणाऱ्यांकडे जातो. पंचाने नोंद काही सेकंद लांबविली, तर तेवढ्या अवधीत मैदानाशेजारच्या माणसास निकाल ठाऊक असून पैसे लावता येतात. अशा उद्योगासाठी पंचांवरही बंदीची कारवाई झालेली आहे. सर्वांत खालच्या पातळीवरील गुणांची ही विक्री थांबवावी, अशी शिफारस लुईस समितीने केली होती. खेळास पैसा हवा म्हणून माहिती विकली आणि त्या माहितीनेच खेळ पोखरला. महासंघाची आर्थिक अडचण समजण्यासारखी असली, तरी हा व्यवहार समर्थनीय वाटत नाही.

कौशल्य कोणाचे?

भारतीय कायद्याने दीर्घकाळ कौशल्याचा खेळ व दैवाचा खेळ असा भेद मानला. १८८७ च्या कायद्यानेही निव्वळ कौशल्याच्या खेळांस वगळले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये चमारबागवाला प्रकरणात जुगार हा संविधानाने संरक्षिलेला व्यापार नाही असे म्हटले, तर १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन प्रकरणात घोड्यांच्या शर्यतीस कौशल्याचा खेळ ठरविले. याच निर्णयाचा आधार घेऊन क्रीडासट्ट्याचे समर्थक म्हणतात की, टेनिस हा कौशल्याचा खेळ आहे, सबब त्यावर पैसे लावणे हेही कौशल्यच.

या युक्तिवादातील गफलत अशी की, कौशल्य नदालच्या मनगटात असते, लावणाऱ्याच्या नव्हे. अभ्यासू लावणारा खेळाडूंची मागील कामगिरी, मैदान, हवामान यांचा विचार करतो, हे खरे. परंतु नदालच्या उदाहरणात पाहिल्याप्रमाणे तो विचार भावाने आधीच गिळलेला असतो. याहून अधिक काही ज्यास ठाऊक असते, त्याच्याकडे बहुधा आतली माहिती असते आणि तिला कौशल्य म्हणता येत नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायद्यात हा भेदच पुसला गेला. पैसे लावून खेळला जाणारा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो, दैवाचा असो वा दोहोंचा, तो पुरविण्यास मनाई करण्यात आली. पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे.

गोंदियातील प्रकरण

भाव आणि निकाल यांची चर्चा ज्या गृहीतावर उभी आहे, ते म्हणजे पलीकडे खरोखर बाजार आहे. जुलै २०२३ मध्ये गोंदियात उघडकीस आलेल्या प्रकरणाने या गृहीतासच हात घातला. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात सुमारे ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार केली आणि नागपूर पोलिसांनी गोंदिया शहरातील एका घरावर छापा घातला. तेथून सुमारे १७ कोटी रुपयांची रोकड, शिवाय सोने व चांदी जप्त झाली. पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार आरंभ अगदी साधा होता. व्यापाऱ्यास व्हॉट्सॲपवर एक दुवा आला. तो उघडला तेव्हा खात्यावर ८ लाख रुपये जमा दिसले आणि त्याने खेळण्यास प्रारंभ केला. ॲपच बनावट असून त्यातील आकड्यांत फेरफार केला जात होता, असा आरोप आहे. त्याचा निर्णय न्यायालयात व्हावयाचा आहे.

तो आरोप क्षणभर बाजूस ठेवून ८ लाखांच्या त्या आकड्याकडे पाहावे. ती रक्कम कोणत्या बँकेत नव्हती. ती पडद्यावरची नोंद होती. द्यूतसभेत पण दुर्योधनाचा होता आणि फासे शकुनी टाकीत होता. निदान फासे सर्वांसमोर पडत होते. अशा ॲपमध्ये भाव, निकाल, शिल्लक आणि हिशेब ही सर्व एकाच हातातली चित्रे असतात. जून महिन्यातील अंतिम सामना पॅरिसमध्ये खराच खेळला जातो, म्हणून त्यावरील पैजही खरी असेल, असा निष्कर्ष निघत नाही. सामना तरी खरा असावा लागतो काय? गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावी २०२२ मध्ये शेतमजुरांना गणवेश चढवून, प्रत्येक सामन्यास ४०० रुपये देऊन एक खोटी क्रिकेट लीग खेळविण्यात आली आणि रशियातील लोकांनी तिच्यावर पैसे लावले. पोलीस पोहोचले तेव्हा स्पर्धा उपांत्यपूर्व फेरीपर्यंत आली होती! त्या रशियन लावणाऱ्यांनाही गुजरातमधला सामना आपल्या बुकीच्या हाताबाहेरचा, दूरचा आणि म्हणून भरवशाचा वाटला असणार.

महाविद्यालयीन अध्यापकांशी या सर्वाचा संबंध येतो तो एका व्यावहारिक मुद्द्यावर. अशा ॲपमध्ये फी किंवा शिष्यवृत्तीची रक्कम घालविलेला विद्यार्थी सहसा बोलत नाही. आपणही गुन्हा केला आहे, या भीतीने तो कर्ज काढून आणखी खेळतो, आणि वसुलीच्या धमक्या येऊ लागल्या तरी घरी सांगत नाही. २०२५ च्या केंद्रीय कायद्यात केवळ खेळणाऱ्यास शिक्षेची तरतूद नाही. आर्थिक सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर करता येते. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाण्यापूर्वी गोठविता यावेत, यासाठी ती पहिल्या काही तासांत होणे महत्त्वाचे ठरते. व्यवहाराचा क्रमांक, ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील आणि पडद्याची छायाचित्रे त्या वेळी विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये असतात. घाबरून ॲपसह ती पुसून टाकण्यापूर्वी त्याने ती एखाद्या अध्यापकास दाखविलेली बरी.